वाटूरला आलेला निरोप

मी एक सायकल बोलतेय. काळी, चोवीस इंची, मागे दणकट कॅरिअर असलेली. तुम्ही थांबलात, बरं वाटलं. एरवी माणसं माझ्या चाकात हवा आहे की नाही तेवढं बघतात आणि टांग मारतात. पण मला एक गोष्ट कुणाला तरी सांगायची आहे. माझा मालक कडूबा ती सांगत नाही, आणि त्याच्याखेरीज ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली मी एकटीच आहे.

१९८१ साली नवीन जालन्यात, स्टेशनरस्त्यावरच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. मिस्त्रीने तारा ताणल्या, चाक गरकन फिरवलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "एकदम बराबर." चार दिवसांनी अंबडकडची एक बाई भावाला घेऊन दुकानात आली. तिचं नाव चतुराबाई. भाऊ कडूबा, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. तो तिला आक्का म्हणायचा. आईबाप लवकर गेलेले, सासरच्यांनी हिला परत पाठवलेलं, तेव्हापासून भावाला तिनेच वाढवला होता. कडूबा माझी घंटी वाजवून बघत होता. आक्काने सरळ कॅरिअरवर बैठक मारली आणि निकाल दिला, "हिच्यावर बसलं की बूड दुखत न्हाई. हीच घेऊ." माझ्या रंगाचं, घाटाचं कौतुक नाही, काही नाही! मी बरेच दिवस फुगून होते.

पण बाईचं बरोबर होतं, कारण बसायचं तिलाच होतं. ती बियाण्याच्या कापसाच्या प्लॉटवर कामाला जायची. संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर बोटांनी काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलांना दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. उशीर झाला की बोंड धरत नाही, म्हणून दिवस उगवता उगवताच निघावं लागे. कडूबा पेडल मारायचा, आक्का मागे बसून अखंड बोलायची. चढ आला तरी उतरायची नाही. वर त्यालाच म्हणायची, "मार की जोरात! तीन भाकरी कुठं गेल्या?" मला वजन लागायचं, पण दोघं हसायला लागली की मी कुरकुर विसरायचे.

कडूबा पुढे अंबडच्या एका शाळेत शिपाई झाला. पायाला माझी चाकं असलेला माणूस, म्हणून कुणाचाही निरोप पोचवायचा तर त्यालाच बोलावणं. त्यामुळे माणसांची एक सवय मला चांगलीच कळली. कुणी मेलं की मेलं असं ही माणसं सांगत नाहीत. "तब्येत जास्त आहे, तुमची आठवण काढतात, चला," असं सांगतात. आधी ऐकणाऱ्याला चहा पाजतात, दोन घास खायला लावतात. एकदा कडूबा एका लेकीला तिच्या बापासाठी बोलवायला गेला होता. बाप आदल्या दिवशीच गेलेला. ती माझ्या कॅरिअरवर बसून वाटभर विचारत होती, "बोलून राह्यले ना? वळखू येतं ना त्यायला?" आणि कडूबा पुढे बघत हो हो म्हणत होता. हे सगळं दयेपोटीच चालतं, हे मला कळतं. तरी माझ्या पाठीवर बसून कुणी असं विचारलं की मला रस्ता लांब व्हावासा वाटायचा.

१९९७ च्या पावसाळ्यात आक्काच्या गालाला आतून गाठ आली. आयुष्यभर मिश्री लावलेली. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं, वर्षभर उपचार झाले आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी घेऊन जा. घरी नेऊन करायचं काय? जखम चिघळलेली, वासाने शेजारपाजारचं कुणी दारात येईना, आणि कळा अशा की आक्का चादर मुठीत आवळून पडून राहायची. बोलभांड बाई, पण तिचं बोलणंच बंद झालं होतं.

तेव्हा अंबडच्या बाहेर उषाबाई नावाच्या निवृत्त नर्स एक घर चालवत होत्या. नाव 'विसावा'. ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांना तिथे शेवटपर्यंत सांभाळायचं. दुखणं कमी करायचं, जखम धुवायची, जवळ बसायचं. एकूण सहा खाटा. लोक त्याला मरणघर म्हणायचे आणि वाट वाकडी करून जायचे. कडूबाने आक्काला तिथे नेलं. उषाबाईंचा एक नियम होता, पेशंटशी खोटं बोलायचं नाही. आक्काने पहिल्याच दिवशी विचारलं, "मी बरी व्हनार का?"

"नाही, आक्का. पण दुखणं आपण कमी करू."

कडूबा भिंतीकडे तोंड करून रडला. आक्का म्हणाली, "बरं झालं. एकदाचं कोनीतरी सरळ बोललं." त्या आठवड्यात औषधाने तिला झोप लागली आणि झोप झाल्यावर ती परत बोलायला लागली. हळू, तोंडातल्या तोंडात, पण बोलायला लागली.

'विसावा'ला सगळ्यात जास्त टंचाई होती जुन्या, मऊ सुती कापडाची. जखमांना, खाटांवर रोज ढीगभर लागायचं. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे लोकांना असं घर आहे हेच माहीत नव्हतं, माहीत होतं त्यांना भीती वाटायची. म्हणून १९९९ च्या जानेवारीत कडूबाने सायकलफेरी काढायचं ठरवलं. पुरा जालना जिल्हा, नऊ दिवस. घनसावंगी, परतूर, वाटूर, मंठा, जालना, भोकरदन आणि परत अंबड. जोडीला कारभारी नावाचा शिंपी. त्याचे वडील 'विसावा'तच वारले होते. गावोगाव सभा घ्यायची आणि लोकांनी जुनं कापड आणि जमेल तेवढी ज्वारी 'विसावा'ला पोचवायची, असा बेत.

निघायच्या दिवशी कडूबाचा पाय उचलेना. मी खिडकीखाली उभी होते.

"आक्का, मी न्हाई जात. तू अशी पडलेली, अन् मी कुठं हिंडू?"

"जा. मला जे भेटलं ते दुसऱ्यालाबी भेटू दे." मग ती म्हणाली, "पर मी बोलावलं की ये. जाताना तुझा हात पायजे मला. उगी बोलावनार न्हाई मी."

"बोलावलं की निघालो, आक्का."

या शब्दावर आम्ही निघालो. माझ्या मुठीवरचे त्याचे हात पहिल्या दिवशी ओलेच होते.

फेरी कसली, फजितीच होती. सात दिवस खाली न उतरता सायकल चालवणारे गावोगाव यायचे ना, तसलेच आम्ही, असं लोकांना वाटायचं. पोरंटोरं विचारायची, दोन्ही हात सोडून कधी चालवणार? आजाराचं नाव निघालं की मोठी माणसं उठून जायची. परतूरला एक म्हातारा कडूबाला म्हणाला, "सकाळी सकाळी असल्या घराचं नाव काढू नका." कडूबा सभेत उषाबाईंनी लिहून दिलेला कागद वाचायचा, खाली मान घालून, एका सुरात. मला सायकलीला जांभई आली असती. तीन दिवसांत एक पोतंही कापड निघालं नाही. त्यात माझ्या मागच्या चाकाला आउट आला, रिम वाकली आणि मी लटपटत चालायला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वाटूरला पोचलो. बाजाराचा दिवस होता, चार वाजता बाजारतळावर सभा ठरलेली. कडूबा मला लिंबाला टेकवत होता, तेवढ्यात फाट्यावरचा एसटीडी बूथवाला अप्पाराव आला.

"पाव्हनं, आधी चहा घ्या."

"आत्ताच घेतला."

"घ्या हो. अन् दोन घास खाऊन घ्या." त्याने माझी मूठ कडूबाच्या हातातून हलकेच काढून घेतली. मग दुसरीकडेच बघत बोलला, "अंबडहून सिस्टरचा फोन आल्ता. तुमची आक्का सुद्दीवर हाय, बोलून राह्यली. तुमची वाट बघती म्हनल्या. आजच्या आज या म्हनल्या."

उषाबाई फोनवर जे बोलल्या, ते त्याने शब्दाला शब्द सांगितलं होतं. पण अप्पारावचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नव्हता. म्हणून चहा, म्हणून ते दोन घास, म्हणून ती चुकवलेली नजर.

"गेली," एवढंच कडूबा बोलला. अप्पाराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

कारभारी म्हणाला, "कडूबा, एकदा उलटा फोन लावून बघू."

"कशाला? ते जित्तीच हाय म्हन्तील. मी न्हाई का आजवर लोकायला तेच सांगत आलो?"

जालन्याची एसटी समोर उभी होती. कंडक्टर ओरडत होता. तिच्यात बसून जालन्याला गाडी बदलली असती तर दुपारी दोन-अडीचपर्यंत तो अंबडला पोचला असता. कारभारी म्हणालाही, "तू जा, सभेचं मी बघतो." कडूबाने डोळे पुसले. "तिला आता माझा हात नको. सोयरे जमायला उद्या उजाडंल. तिनं सांगितलं व्हतं, दुसऱ्याला भेटू दे. सभा करू, मंग जाऊ." एसटी निघून गेली. खरं सांगते, मलाही आक्का गेली असंच वाटलं. तसले निरोप मीही वर्षानुवर्षं वाहिले होते.

चार वाजता त्याने उषाबाईंचा कागद खिशातच ठेवला. माझा दांडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "माझी आक्का आज गेली." तिने त्याला कसं वाढवलं, घरी असताना ती कशी तळमळायची, 'विसावा'त तिला पहिली झोप लागली तेव्हा तो कसा पायरीवर बसून रडला, सगळं सांगितलं. "तिला चांगलं मरन आलं. स्वच्छ चादरीवर आलं. तुमच्या घरात असं कोनी असंल तर त्याला गोठ्यात टाकू नका. आमच्याकडं आना." बाया पदराने डोळे पुसत घरी गेल्या आणि पेट्यांच्या तळाशी जपलेली लुगडी घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत माझ्याभोवती कापडाचा डोंगर झाला. एका म्हातारीने तर धाकट्या जावेचा आजार तिथल्या तिथे बोलून दाखवला. फेरी जिंकली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फेरी सोडून आम्ही अंबडकडे निघालो. कडूबाने घाई केली नाही. माझं चाक लटपटत होतं, आणि तो हळू चालवतोय म्हणून मला बरं वाटत होतं. आज त्या बरं वाटण्याची मला लाज वाटते.

दुपारी 'विसावा'त पोचलो. उषाबाई दारातच उभ्या होत्या. "कुठं होतास, कडूबा?"

"किती वाजता गेली, सिस्टर?"

"काल. दिवेलागणीला." त्या म्हणाल्या. "पहाटे उठली ती लख्ख शुद्धीवर. तुला बोलवा म्हणाली. मी लगेच फोन केला. मग दिवसभर औषध घेतलं नाही तिने. म्हणाली, औषधानं झोप लागंल, अन् कडूबा आला तर मला कळायचं न्हाई. कळा सोसत दाराकडे बघत होती रे. मी खरं सांगितलं होतं तुला."

"खरं कोन सांगतं, सिस्टर?" कडूबा म्हणाला, आणि त्याच्या हातून मी अंगणात पडले.

तो बाजारतळावर माझा दांडा धरून बोलत होता, तेव्हा ती जिवंत होती.

त्यानंतर वाटूरहून कापडाने भरलेला टेम्पो आला. मग परतूरहून आला, जिथून हुसकावलं होतं तिथूनही. आज, २००६ साली, 'विसावा'त वीस खाटा आहेत. लोक मरणघर म्हणत नाहीत. सभेतलं ते भाषण लोक अजून आठवतात आणि कडूबाची पाठ थोपटतात. तो तिथून उठून जातो. एवढ्या चांगल्या कामाच्या बुडाशी काय आहे, हे त्याला आणि मला ठाऊक आहे.

मी आता म्हातारी झाले. दोनदा रंग दिला, तरी गंज लपत नाही. पण कडूबा मला मोडीत काढत नाही. खाटेवरच्या कुणी आपल्या माणसाची आठवण काढली की तो मलाच बाहेर काढतो. फोन झाले, मोबाइल झाले, पण फोनवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून स्वतः जातो. दारात उभा राहून सांगतो, "जिवंत आहेत. आक्काची आन, जिवंत आहेत. आत्ता निघा." लोक त्याच्याकडे बघतात, हंबरडा फोडतात आणि सावकाश सोयऱ्यांना बोलावणी धाडायला लागतात. परवाच एका लेकाने सगळ्या भावंडांना जमवून यायला दोन दिवस लावले. बाप पहिल्याच दिवशी वाट बघून गेला.

म्हणून ही माझी विनवणी. कधी तुमच्या दारात असा कुणी आला आणि म्हणाला, चला, तुमची वाट बघतायत, तर त्याचं तोंड न्याहाळत बसू नका. खरं की खोटं, ते वाटेत ठरवा. आधी निघा.