डाव्या खांबाखालचा सिरिल

हेगनक्लफ टाउन हा फुटबॉल क्लब बुडावा, असं विनिफ्रेडला लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारपासून वाटत होतं. तो बुडाला नाही, हीच तिची तक्रार. गिरण्या बुडाल्या, चॅपल विकलं जाऊन तिथे गालिच्यांचं दुकान आलं. हा मेला मात्र दर मोसमात तळाशी गटांगळ्या खात शेवटच्या आठवड्यात कसाबसा तगत राहिला. वर म्हणे शंभर वर्षांहून जुना इतिहास! इतिहास कसला? रंगाच्या कारखान्यातल्या पोरांनी डायर्स लेनच्या चिखलात चेंडू लाथाडायला सुरुवात केली, एवढाच. कारखान्यात मोहरीच्या रंगाचं एक पिंप बिघडलं, ते कापड कुणी घेईना, म्हणून त्याचे सदरे शिवले. आज त्यांची पणतवंडं छातीवर हात ठेवून सांगतात की मोहरी आमच्या रक्तात आहे. क्लबचं टोपणनाव रंगारी. या रंगाऱ्यांनी आजवर जिंकलं काय, तर काही नाही. फार पूर्वी एकदा कपच्या उपांत्यपूर्व फेरीत समोरच्या एका धिप्पाड गड्याच्या ढुंगणाला लागून चेंडू गोलच्या डाव्या खांबावर आपटला आणि आत गेला. पुढच्या सामन्यात पाच गोल खाल्ले, ते कुणी सांगत नाही. त्या ढुंगणावर हे गाव आजतागायत जगत आलं.

आणि तिचा नवरा सिरिल त्या गावातला सगळ्यांत मोठा खुळा. शनिवारी मटण भरलेली पेस्ट्री खाऊन दुपारी एक वाजता घराबाहेर पडायचा, तो सहाला तोंड पाडून परत यायचा. रविवार पराभवाचं सुतक पाळण्यात जायचा. सोमवारपासून पुढच्या शनिवारची आशा. मरताना त्यानं बायकोचा हात हातात घेतला, तेव्हा विनिफ्रेडला वाटलं, आता तरी काही गोड बोलेल. तो म्हणाला, "विनी, माझी राख डाव्या खांबाखाली." झालं. मेल्यावरही शनिवार क्लबचेच. तिनं दात-ओठ खात, पण ती इच्छा पुरी केली. मैदानाच्या माळ्यानं गवताचा एक चौकोन उचलला, तिनं डबा उपडा केला, माळ्यानं चौकोन परत बसवून बुटानं दाबला. तिचा दीर नॉरिस तेव्हा ढसाढसा रडला. ती नाही रडली.

अकरा हिवाळे गेले. मग क्लबला नवे मालक मिळाले आणि त्यांना डायर्स लेनचं मैदान लहान वाटू लागलं. मोटारवेजवळ नवं मैदान बांधलं, त्याला एका गादी-कंपनीचं नाव दिलं. चिन्हावरचं रंगाचं पिंप जाऊन तिथे दात विचकणारा लांडगा आला. हेगनक्लफमध्ये लांडगा कुणाच्या पणजोबानंही पाहिला नव्हता. जुनी जागा सुपरमार्केटवाल्यांनी घेतली.

हे सगळं समजावून सांगायला क्लबच्या एका तुकतुकीत साहेबानं सभा बोलावली. नॉरिसबरोबर विनिफ्रेडही गेली. साहेब अर्धा तास 'आपली ओळख', 'आपला वारसा' असं काय काय बोलला. मग विनिफ्रेड उठली.

"वारसा राहू द्या. मैदानाच्या गवताखाली ज्यांची राख आहे, त्यांचं काय करणार?"

"फार चांगला प्रश्न विचारलात," साहेब म्हणाला. "त्या सर्वांची नावं आपण नव्या मैदानाच्या एका भव्य भिंतीवर झळकवणार आहोत. पडद्यावर. फिरती."

"माझ्या नवऱ्याला जत्रेतल्या पाळण्यात बसलं तरी ओकारी यायची. तो फिरणार नाही."

सभागृह हसलं. साहेबही हसला, आणि त्यानं पुढचा प्रश्न घेतला. म्हणजे डाव्या खांबाच्या जागेवर सुपरमार्केटच्या गाड्या उभ्या राहणार, हे विनिफ्रेडनं ओळखलं. तिथेच तिनं ठरवलं: माणूस घरी आणायचा. क्लबनं टाकला, तो आता आपला. आयुष्यात एकदा तरी शनिवारची दुपार आपल्या नवऱ्याबरोबर काढायची, अगदी मागल्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी का होईना.

शेवटच्या सामन्याला ती कोळशाचं फावडं आणि भांडी धुवायचा टब पिशवीत घालून गेली. मैदानात पाय ठेवायची तिची ही दुसरीच वेळ. रंगारी दोन गोलांनी हरले, म्हणजे रीतसर निरोप झाला. शिट्टी वाजली आणि रिवाजाप्रमाणे सगळं गाव कुंपण ओलांडून आत घुसलं. मैदान बंद होताना आपापला गवताचा तुकडा घरी न्यायचाच असतो. म्हाताऱ्या माणसांनी खिशातून पावाच्या सुऱ्या काढल्या. कुणी कॉर्नरचा झेंडा उपटला, कुणी बाकाची फळी. विनिफ्रेड कोपरं मारत डाव्या खांबापाशी पोचली, तर तिथे चौकोनी खड्डा! आणि शेजारी पावसाळी जाकिटातला एक पन्नाशीचा बाप्या मोठा तुकडा पिशवीत कोंबत होता.

"ठेव ते खाली," ती म्हणाली.

"बाई, सगळीकडे गवत पसरलंय. दुसरीकडचं घ्या ना."

"मला हेच पाहिजे."

"मलाही हेच. तो प्रसिद्ध गोल इथलाच ना? मी डेव्हनहून आलोय. जे मैदान पाडणार असतील, त्याच्या शेवटच्या सामन्याला मी हजर असतो. घरी बागेत पंधरावीस मैदानांचं गवत आहे माझ्या."

"आज खेळलं कोण, ते तरी माहीत आहे का?"

त्यानं जरा आठवून पाहिलं. "पिवळे आणि दुसरे."

"वा रे रसिका! अरे, एवढ्या लांबून फक्त दुसऱ्यांचं दुःख पाहायला येतोस? आता तो तुकडा उलटा कर. खाली राखेची पांढरी कच दिसते ना? तो माझा नवरा."

त्यानं उलटा केला. मग पिशवी अशी घाईनं तिच्या हातात दिली, की जणू आत निखारा होता. पँटला हात पुसत तो गर्दीत दिसेनासा झाला.

विनिफ्रेडनं सिरिलला बसनं घरी आणलं. टबात ठेवलं, पाणी घातलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा क्लबवर मात केल्याच्या आनंदात गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी नॉरिस आला. टबाकडे बघत त्यानं टोपी काढली आणि मान खाजवली.

"विनी, रागावू नकोस. पण डाव्या खांबाखाली काय एकटा सिरिल होता? सगळ्यांना तोच खांब हवा असायचा. माळी दर वेळी तोच चौकोन उचलायचा. यात गल्लीतल्या डॉरिनचे वडील आहेत. दोघे टॅटरसल बंधू आहेत. वॉल्टर बिन्सही आहे."

"बिन्स? पेनल्टीवरून भांडण झाल्यापासून सिरिल ज्याचं तोंड बघत नव्हता, तो?"

"तोच."

"माझ्या अंगणात?"

"आता काय चाळणीनं चाळणार आहेस?"

ही बातमी नॉरिसच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. पुढच्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी तिकडे गादीवाल्यांच्या मैदानात लांडग्याचा पोशाख घातलेला कुणीतरी नाचत होता, आणि इकडे विनिफ्रेडच्या मागल्या दारी डॉरिन उभी. "बाबांना जरा भेटते गं." मागोमाग एका टॅटरसलची बायको. मग बिन्सची दोन मुलं. मग ज्यांचं त्या टबात कुणीच नव्हतं असे चारजण, मोहरी मफलर गुंडाळून, ऑगस्टच्या उन्हात. कचऱ्याच्या डब्यांना टेकून त्यांनी नव्या गोलकीपरला शिव्या घातल्या, रेफरीची आई काढली आणि विनिफ्रेडच्या चहाला पाणचट म्हटलं. दर शनिवारी हेच होऊ लागलं. ज्या क्लबनं नवरा नेला, तो क्लब आता तिच्याच कपांतून चहा पीत होता.

ऑक्टोबरात तिची सहनशक्ती संपली.

"निघा! सगळे निघा! तुमच्या बापांना मी रोज पाणी घालते, तेवढं पुरे. आजचा शनिवार माझा आहे."

ते गेले. नॉरिससुद्धा गेला. तिनं फाटकाला कडी घातली, स्वयंपाकघरातली खुर्ची आणून टबाशेजारी मांडली आणि मांडीवर हात ठेवून बसली. तीन वाजले होते, तिकडे सामना सुरू झाला असेल. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जन्मभर मागितलेलं अखेर मिळालं होतं.

"हं, सिरिल," ती म्हणाली.

आणि पुढे काय बोलायचं, ते तिला सुचेना. पोरांचं सांगावं, तर पोरं आठवड्यातून एकदा फोन करतात, त्यात सांगण्यासारखं काही नसतं. गुडघ्याचं दुखणं सांगावं, तर तो जिवंतपणीही ते ऐकताना खिडकीबाहेर बघायचा. शनिवारी दुपारी या माणसाशी काय बोलायचं असतं, हे तिला कधी शिकताच आलं नव्हतं. त्याला कशानं हसू यायचं, कशावर तो तावातावानं बोलायचा, ते सगळं त्या पाणचट चहावाल्यांना ठाऊक होतं. तिला त्याचं फक्त पडलेलं तोंड ठाऊक होतं. या विचारानं तिला सिरिलचा राग आला, क्लबचा आला, आणि मग स्वतःचा इतका आला की डोळे भरून आले.

चार वाजत आले. मग ती उठली, फाटकाची कडी काढली आणि गल्लीत डोकावली. नॉरिस कानाला रेडिओ लावून भिंतीला टेकून उभाच होता.

"काय झालं रे मेल्या तुमच्या सामन्याचं?" तिनं विचारलं.

"हरतोय."

"ये आत," ती म्हणाली. "टबातल्यांना सांग."