खंड चौसष्टचा शेवट कळवणेबाबत

चौसष्टाव्या खंडात मिठाची राणी मरते. समुद्रात पाऊल टाकते आणि विरघळते, घोट्यापासून वर.

हे वाक्य चुकून सुटलं. वाचलं नाही असं समजावं. राणी ठणठणीत आहे, चौसष्टावा खंड अजून छापखान्यातून बाहेर पडलेला नाही, आणि जावकराव खिडकीजवळच्या खुर्चीत सतरावा खंड वाचत बसलेत.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीत एकतीस वर्षं ते जावक टेबलावर बसले, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर दिला. निवृत्तीच्या दिवशी सहकारी म्हणाले, "आजपासून तुम्हीच जावक." यावर ते तीन दिवसांनी हसले. कचेरीतला त्यांचा आवडता शब्द 'कळवतो'. खिडकीशी आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला जीव कचरायचा, म्हणून ते म्हणत, "कळवतो." एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला काहीही कळवलं नव्हतं. लोकही तशी अपेक्षा ठेवत नसत. ठरलेला व्यवहार होता.

मग लेक आजारी पडली.

आठवीत असल्यापासून ती एक जपानी चित्रकथा वाचत होती, 'मिठाचा मुकुट'. वर्षाला चार खंड. मिठाच्या दगडातून जन्मलेली राणी, बोलणारे पूल, कधीही न संपणारी लढाई. सत्ताविसाव्या वर्षी दवाखान्यातल्या खाटेवर ती अठ्ठावन्नावा खंड उशाशी ठेवून म्हणाली, "बाबा, अजून सहा यायचेत. शेवटी राणीचं काय होतं, तेवढं सांगाल मला?"

नळ्या होत्या, डॉक्टर दारात उभे होते. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कळवतो."

लेक हसली. तिला हा शब्द माहीत होता. त्या आठवड्यातच ती गेली.

तो शब्द मात्र जावकरावांच्या नावे प्रलंबित राहिला. महिनाभरानं त्यांनी लेकीच्या फळीवरचा पहिला खंड काढला, चष्मा पुसला आणि आपली सगळी पुस्तकं उघडतात तसा डावीकडून उघडला. पहिल्याच पानावर ठळक सूचना होती : 'थांबा! तुम्ही चुकीच्या बाजूनं आला आहात.' जावकरावांनी ती नीट वाचली. पण सूचना लावायच्या असतात, पाळायच्या नसतात, हे त्यांना कचेरीनं शिकवलं होतं. शिवाय चित्रातल्या किल्ल्याचा पहारेकरी बोलतोय, असाही त्यांचा समज झाला.

पुढचं सगळं उलटं होतं, आणि त्यांना अजिबात खटकलं नाही. फाईलही अशीच असते. सगळ्यात वर निकाल, त्याखाली शेरे, आणि पार तळाशी अर्ज, ज्यात माणसाला मुळात काय हवं होतं ते लिहिलेलं असतं.

"आज कोण मेलं?" बायको शिवणयंत्रावरून विचारी. ती लोकांचे कपडे उसवून मापाचे करून द्यायची.

"मेला होता. सेनापती. आता उठून जेवतोय."

"बरंय एकेकाचं. आणि राणी?"

"भाला लागला होता. तो आपसूक निघाला, मग जखम मिटली. वाचली."

"साठी उलटली आणि चित्रं बघत बसलेत," ती म्हणे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी, "वाचली का हो?"

रोज राणी वाचायची. खंड संपेपर्यंत सगळे उठून बसत, आणि पुढचा उघडला की निम्मे पुन्हा आडवे. यातही जावकरावांना नवल वाटलं नाही. लेकीचे शेवटचे आठ महिने असेच गेले होते. संध्याकाळी उठून चहा मागायची, सकाळी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

दीड वर्ष गेलं. त्रेसष्ट खंड झाले. चौसष्टावा आला त्या सकाळी ते पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाईंनी लेकीला पहिला खंड विकला होता, तेव्हा त्यांचे केस काळे होते. जावकरावांनी धीर न धरता उभ्याउभ्याच पुस्तक उघडलं.

"अहो काका! शेवट वाचताय तुम्ही!"

"पहिलं पान आहे हे."

"ते शेवटचं. हे उजवीकडून वाचतात. लेकीनं नाही सांगितलं?"

"ती बोलली नाही काही."

बाईंनी पुस्तक त्यांच्या हातून घेतलं, उलटवलं, पहिल्या पानावर बोट ठेवलं. जावकरावांनी चष्मा पुसून तिथे पाहिलं.

"म्हणजे तो सेनापती..."

"कुठला? सतराव्यातला? जेवता जेवता मारला की त्याला. मी आठवडाभर रडले होते."

"मी त्रेसष्ट वाचलेत असे."

बाई हसणार होत्या, पण हसल्या नाहीत. "हा एक वाचवता येईल," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी हसली. इतकी, की यंत्रावरचा पाय थांबला आणि सुई कापडात तशीच राहिली. दीड वर्षानं घरात कुणीतरी हसलं होतं, म्हणून जावकरावही हसले, या वेळी तीन दिवस न थांबता. मग तिचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे वाचलं कुणीच नव्हतं?"

"नाही."

"मला रोज सांगत होतात."

"मला तसंच दिसत होतं गं."

दुपारभर दोघं मिळून चौसष्टावा खंड वाचत बसले, उजवीकडून. पान उलटायचं काम बायकोकडे, कारण जावकरावांचा हात राहून राहून चुकीच्या बाजूला जाई. सुरुवातीला, जुन्या आठवणीत, राणी लहान मुलगी होती, बादली घेऊन विहिरीवर उभी, नाक खाजवत. शेवटी ती समुद्रात उतरली. घोटे, गुडघे, कंबर. शेवटच्या पानावर नुसतं पाणी होतं.



मग जावकरावांनी ते पुस्तक आपल्या बाजूनं उघडलं. पाणी. पाण्यातून मुकुट, मग चेहरा, खांदे, हात. कंबर, गुडघे. ती मागे मागे येत किनाऱ्यावर आली, आणि अर्ध्या तासानं विहिरीवर बादली घेऊन उभी राहिली, नाक खाजवत.

"ही वाचली," ते म्हणाले. "हेच कळवतो तिला. छापलेलं आहे, खोटं थोडंच आहे?"

बायकोनं सुईतून कापड सोडवलं. "मी दिवसभर उसवते. उसवलं म्हणून ते कापड पुन्हा ताग्याला जाऊन चिकटत नाही. खरं काय ते लिहा. तुमचं खोटं तिला लगेच कळायचं."

जावकराव टेबलाशी बसले. कोरा कागद घेतला, डावीकडून सुरुवात केली. 'प्रति' लिहून थांबले. पत्ता सुचला नाही, तेवढी ओळ मोकळी सोडली. वर कोपऱ्यात जावक क्रमांक घातला : एक. मग हात आपोआप चालू लागला.

'महोदया,

आपण दवाखान्यात केलेल्या तोंडी विचारणेस अनुसरून कळविण्यात येते की, खंड चौसष्टमध्ये राणी मृत्यू पावते. डाव्या बाजूनं फेरतपासणी केली असता ती जिवंत आढळली, परंतु सदर बाजू ग्राह्य धरता येत नाही, असा आपल्या आईचा शेरा आहे. शेरा मान्य आहे. ती शेवटपर्यंत शांत होती. तिला दुखलेलं दिसत नाही. कळविण्यास विलंब झाला, कारण आम्ही चुकीच्या बाजूनं आलो होतो.

तरी सदर पत्र मिळाल्याची पोच, सवडीनं का होईना, पण आपल्या स्वतःच्या सहीनिशी, या घरच्या पत्त्यावर देण्यात यावी, ही विनंती.'