त्याची सायकल

घंटीची वाटी काढून त्याने तळहातावर घेतली, तर अंगठा आपोआप तिच्या कडेच्या पोच्यात जाऊन बसला — आणि बसल्यावर मग त्याला कळलं, की हा पोचा आपल्या ओळखीचा आहे. मागे कॅरिअरवर बसून, पुढच्याच्या हाताखालून हात घालून, हीच घंटी तो रोज सकाळी वाजवायचा. पुढचा म्हणायचा, अरे, रस्ता रिकामा आहे, कुणासाठी वाजवतोस? ... कुणासाठीच नाही. हात तिथवर न्यायचा असायचा, एवढंच.

म्हणजे ही बेकरीवाल्याच्या मुलाची सायकल.

दादाने ती काल संध्याकाळी आणली होती. चोरली, असं त्यांच्या घरात कुणी म्हणत नसे. सायकली 'यायच्या', पाहुण्यांसारख्या. भिंतीला टेकून एक-दोन दिवस राहायच्या, आणि रंग बदलून गॅरेजवाल्याकडे निघून जायच्या. एवढीशी खोली, आई लाँड्रीतल्या कामावर जाता-येता त्यांच्याकडे न बघता अंग चोरून वाट काढायची. वडील गेल्यापासून घर असंच चाललं होतं — अर्धं आईच्या इस्त्रीवर, अर्धं दादाच्या पाहुण्यांवर. घंटी, कॅरिअर उतरवून, पॉलिशपेपरने घासून नवा रंग देणं हे त्याचं काम. तुझा हात हलका आहे, असं दादा म्हणायचा, आणि ते ऐकून तो सातवीतला मुलगा दिवसभर हवेत असायचा.

आज हात हलत नव्हता. खिडकीतून आलेलं ऊन सायकलीच्या आरांवर पडलं होतं, आणि भिंतीवर त्यांच्या सावल्यांचं एक जाळं हळूहळू सरकत होतं... ते बघता बघता खोली पुसट झाली आणि पहाटेचा उताराचा रस्ता आला. पावांची टोपली पुढे, त्यातून येणारा गरम वास, आणि डोळ्यांसमोर त्याचा सदरा, खांद्यावर पिठाचे पांढरे डाग. एकदा खड्डा आला आणि याचा गाल त्याच्या पाठीवर आपटला. खड्डा गेला. याने गाल काढला नाही. तोही काही बोलला नाही, फक्त पायडल मारायचं थांबवलं, आणि सायकल आपली आपण उतरत राहिली, उतरत राहिली... तो उतार अजून संपलेला नाही, असं त्याला कधी कधी वाटायचं.

या वाटण्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. एक नाव गल्लीतल्या पोरांनी दिलं होतं — बायल्या. त्या दिवशी दादाने त्यातल्या एकाचा ओठ फोडला होता. मग घरी येताना धाकट्याचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि वाटभर एक अक्षर काढलं नाही. दादाला ते खोटं वाटलं म्हणून त्याने मारलं, की खरं वाटलं म्हणून — हे मात्र त्याला कधी विचारता आलं नव्हतं.

शाळेला जाताना तो बेकरीवरून गेला. मुलगा टोपली डोक्यावर घेऊन पायीच फेरी करून आला होता, भुवयांवर पीठ, मानेवर घाम. काल संध्याकाळी सायकल भिंतीला लावून आत पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात गेली, असं त्याने सांगितलं.

"बाबा बोलत नाहीयेत माझ्याशी," तो म्हणाला. "मारलं असतं तरी चाललं असतं."

सापडेल, असं हा म्हणाला. मुलाने मान वर करून इतक्या विश्वासाने बघितलं, की हा खाली बघत निघाला. शाळेत फळ्यावर काय चाललं होतं, त्याला दिसलंच नाही.

दुपारी दादा आला तेव्हा सायकल तशीच होती. अजून हात नाही लावलास, गॅरेजवाला वाट बघतोय, आणि तो गोडीगुलाबीने वाट बघणारा माणूस नाही, असं दादा सरळ स्वरात बोलत होता. त्याला ते लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू आलं.

"ही नको," तो म्हणाला.

"का?"

"बेकरीवाल्याच्या मुलाची आहे."

दादा खाटेवर बसला.

"रोज त्याच्यामागे बसून जातोस, तोच?"

त्याने मान हलवली. आता काहीतरी कोसळेल — छप्पर, भिंत, दादाचा हात. तो कशाला तरी धरावं म्हणून सीट घट्ट धरून उभा राहिला.

"फार आवडतो?" दादाने विचारलं. आवाज अगदी हळू, आजारी माणसाला विचारावं तसा.

"हो."

काही कोसळलं नाही. दादाने पान्हा उचलला, घंटी जागेवर बसवली, कॅरिअर आवळलं, चाकात हवा भरली. एकदा पोलिसांच्या हाती लागून तो आत जाऊन आला होता. पुन्हा सापडलास तर लवकर सुटणार नाहीस, असं तिथे त्याला बजावलेलं होतं. अंधार पडू दे, असं धाकट्याने सुचवलं. अंधारात सायकल नेणारा चोरच दिसतो, असं म्हणून दादा हसला, आणि भर उन्हात ती हातात धरून गल्लीबाहेर पडला.

आई आली तेव्हा भिंत रिकामी होती. त्याने तिला सगळं सांगितलं, दादाने विचारलं तेही, आपण हो म्हणालो तेही. ती पदराने हात पुसत राहिली, कोरडे झाल्यावरही. मग ती त्याच्याजवळ येऊन बसली; अंगाला तिच्या वाफेचा, ओल्या सुताचा वास होता.

"चांगला आहे का रे तो?" तिने विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि दाराकडे बघू लागली.

ऊन उतरलं. बेकरी काही लांब नव्हती. दादा एव्हाना दोनदा जाऊन यायला हवा होता. रस्त्यावर पाऊल वाजलं की दोघं एकदमच मान वर करायची, आणि पाऊल पुढे निघून जायचं. दादाला धरलं असेल तर... आजवर हा भ्याला होता तो स्वतःसाठी, स्वतःच्या आतल्या त्या गोष्टीसाठी; आणि आता ती जागा धुऊन काढल्यासारखी मोकळी होती, तिथे फक्त दादा चालत होता, सायकल हाताने धरून, भर रस्त्यात. त्याला रडू येत होतं. आणि त्या रडण्याच्या तळाशी, लाज वाटावी इतकं, हलकं हलकं वाटत होतं — आईचा खांदा त्याच्या खांद्याला टेकलेला होता, आणि त्याने तो टेकू दिला.