मागचे पाय नसलेली खुर्ची

आमच्या खोलीत एक खुर्ची आहे. तिला मागचे पाय नाहीत. नवा माणूस आला की आधी वाकून तिच्याखाली बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी म्हणते, "बसा बिनघोर. पडला तर उचलायला मी हाय." आजवर कोणी पडलेलं नाही.

ती माझ्या मालकांनी वाकवली, भीमराजनी. साल सहासष्ट. पिंपरीत रेल्वेलाइनीच्या पलीकडे फर्निचरचा कारखाना होता, तिथे हे नळी वाकवायच्या कामावर होते. मुंबईच्या कोणा साहेबाने एक चित्र आणलं. एकच स्टीलची नळी. जमिनीवरून निघते, पुढून वर चढते, बैठकीखालून मागे जाते आणि पाठीला उभी राहते. जोड कुठेच नाही.

"परदेशात कुणीतरी ही आपल्या जन्माच्या आधी वाकवली व्हती म्हणं," हे मला सांगत होते. "चाळीस वर्षं झाली, पण कुणाला तिच्यात काय बदलावंसं वाटलं न्हाई."

"मागचे पाय लावायचे इसरला आसंल मेला," मी म्हणाले.

हे हसले नाहीत. कामाची थट्टा त्यांना खपत नसे. नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बुचं मारून बंद करायची आणि फर्म्यावर वाकवायची. वाळू कमी पडली तर नळी वळणावर चेपते. आणि वाकवून सोडली की ती थोडी मागे येते. किती मागे येणार ते ओळखून तेवढी जास्त वाकवावी लागते. हे साहेबाच्या चित्रात नव्हतं. ह्यांच्या मनगटात होतं.

पहिल्या खुर्चीवर ओरखडा उठला म्हणून साहेबाने ती ह्यांनाच देऊन टाकली. हे ती डोक्यावर उलटी घेऊन चालत घरी आले. बैठकीचा वेत मी विणला. घरी बसून बायका विणायच्या तसली कामं मी करतच होते. गावाकडे आमच्या सासऱ्यांनी जन्मभर पाटलाच्या ओट्याखाली मातीत बसून बोलणं केलं. त्यांच्या लेकाच्या घरात आता खुर्ची आली, तीही असली की चाकणपासून देहूपर्यंत कोणाकडे नसेल. मी रोज संध्याकाळी दार सताड उघडं ठेवायची. दिसू दे.

वाकवायच्या त्याच शेडमध्ये क्रोमची टाकी होती. नळ्यांना चकाकी यायला त्यात बुडवायचे. वाफ वर यायची आणि खिडकी एकच, तीही खिळे ठोकून बंद. आधी ह्यांच्या नाकातून रक्त यायचं. मग नाकातला पडदाच फाटला. मग छाती गेली. अठ्ठ्याहत्तरला कामावरून घरी बसवलं. आडवं झालं की श्वास अडकायचा, अंग काळंनिळं पडायचं. साध्या खुर्चीत बसवलं तर मान पडायची. फक्त ह्या खुर्चीत झोप लागायची. छाती वर आली की खुर्ची जराशी लवायची, छाती खाली गेली की परत यायची. त्यांच्याबरोबर तीही श्वास घेते असं वाटायचं.

"बघ," हे म्हणायचे, "मागं पाय आसते तर लवली आसती का?"

मी उठून चुलीकडे वळायची. हरले की मला काम आठवतं.

एकोणऐंशीच्या मार्गशीर्षात कारखान्याचे सुपरवायझर उद्धवराव आले. मधल्या काळात कारखान्याने ही खुर्ची बंद केली होती. रेक्झिनचे गुबगुबीत सोफे काढले, खुर्चीचे फर्मे भंगारात गेले. ते सोफे चार वर्षांत फाटून स्पंज बाहेर आला आणि लोक परत जुनाच आकार मागायला लागले. आता कारखान्याकडे ना फर्मा, ना चित्र, ना एक खुर्ची.

"म्हणून आलो, भीमराज," उद्धवराव म्हणाले. "हिची मापं घेऊ द्या."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मी वर्षभरात तसा पाहिला नव्हता. "घ्या की. खालच्या वळणाला मी धा टक्के जास्त धरायचो. लिवून घ्या."

मी चहा केला. कानाचे दोन कप होते आमच्याकडे, त्यातला न तडकलेला त्यांच्यापुढे ठेवला.

"नको वहिनी. आज चतुर्थी, उपास आहे."

"चतुर्थीला चहा चालतो, उद्धवराव."

"तसं नाही, आत्ताच घेऊन आलो..."

"मग उपास कुणाचा व्हता?"

ते हसले, कपाकडे बघितलंसुद्धा नाही. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी खुर्चीची नळी पुसली. ह्यांचा हात होता तिथेच पुसली. मगच टेप काढला.

मी टेप धरला. "ज्याच्या ओठाला माजा कप चालत न्हाई, त्याच्या टेपाला माजी खुर्ची चालायची न्हाई. चला."

"अगं, मोजू दे," हे धापा टाकत म्हणाले. "पाच मिनटांचं काम."

"पाच मिनटं तर पाच मिनटं. माज्या घरात न्हाई."

उद्धवराव गेले. हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, राग उतरेल.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर खुर्ची नव्हती. हे भिंतीला गोधड्यांची चळत लावून टेकले होते. शेजारच्या ज्योतीरामला सांगून त्यांनी ती हातगाडीवर कारखान्यात धाडली होती.

"तुज्या घरात मोजायची न्हाई म्हनलीस ना?" हे म्हणाले. "मग त्यांच्या घरात मोजतील, नवी वाकवून हिच्याशी ताडून बघतील. चार दिसांत येईल."

"आन तवर?"

"तवर बसंन असाच. माज्यामागं ती वाकवायला कुणाला तरी यायला पायजे, चतुरा."

गोधड्या घसरायच्या. मी पाठीशी धान्याचं पोतं लावलं, पाट लावला, शेवटी माझी पाठ लावली. लवणारं काही नव्हतं. ह्यांचे डोळे मिटले की मान पुढे पडायची आणि घशात शिट्टी वाजायची. दोन दिवस डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या लुगड्याचा काठ धरला.

"जरा कारखान्यात जाऊन बघतीस? माप झालं आसंल तर आजच आन."

जायला पंधरा मिनिटं लागतात. पण गेटवर उभं राहून उद्धवरावाला हाक मारायची होती. ज्याला घरातून काढलं त्याच्याच पुढे पदर सावरून, माझी खुर्ची द्या हो, म्हणायचं होतं.

"तुमी धाडलीत," मी म्हणाले, "तुमीच आना."

त्यांनी काठ सोडला.

मी नळावर गेले. रांग मोठी होती, म्हणून दोनच हंडे भरून परतले. हे गोधड्यांवरून एका अंगाला सरकले होते, आडवे झाले होते. तोंड उघडं होतं.

चौथ्या दिवशी हातगाडी आली. बोलल्याप्रमाणे. वर दोन खुर्च्या, एक आमची आणि एक कोरी, चकचकीत. मागे उद्धवराव चालत होते. दाराशी चपलांचा ढीग आणि भिंतीशी बसलेल्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाया बघून ते थांबले. त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, "भीमराजना पहिला नग दाखवायला आणला होता."

मी उठले. नव्या खुर्चीच्या बैठकीवर तळहात दाबून सोडला. ती लवली, वर आली, पुन्हा थोडी लवली आणि थांबली. जुनीला दाबलं. तीही तशीच. केसाचा फरक नव्हता. माप नीट घेतलं होतं.

"वहिनी," उद्धवराव म्हणाले, "जरा पाणी देता?"

मी तोच कप भरून दिला. ते गटागटा प्याले, कप रिकामा करून दोन्ही हातांनी परत दिला. मी तो धुवायला टाकला आणि म्हणाले, "नवी घेऊन जा."

आता त्या खुर्च्या शेकड्याने निघतात. पुण्यात बँकेत बघितल्या, दवाखान्यात बघितल्या. शेडची खिडकी अजून बंदच आहे. आमची भिंतीशी आहे. वेत एकदा मी नव्याने विणला, नळी आहे तशी आहे. नातसुना म्हणतात, आजी, कालच घेतल्यासारखी दिसते, किती छान झुलते. मी त्यांना बसू देते.

मी खाली बसते.