सुट्टीच्या दिवशीची पातळी

आमच्या सूनबाई कोळशाच्या खाणीत पाण्याच्या अधिकारी आहेत. भोवतालच्या विहिरींची पातळी मोजणे, नाल्याचे पाणी तपासणे आणि मॅनेजरसाहेबांना अहवाल देणे, हे त्यांचे काम. मी त्याच खाणीच्या पंपघरातून निवृत्त झालो. साहजिकच जेवताना आमच्याकडे पाण्याचाच विषय निघतो. पत्नी म्हणते, "आमटीत पाणी कमी पडेल, पण तुमच्या गप्पांत पडायचं नाही!"

यंदा खाणीची एक बाजू वसाहतीकडे वाढवण्याचे घाटत होते. अट एकच होती: वसाहतीच्या विहिरीची पातळी खालावलेली नसावी. अहवालांनुसार ती खालावली नव्हती, आणि त्या अहवालांवर सही सूनबाईंची होती.

एके दिवशी सकाळी वसाहतीतल्या लाँड्रीवाल्या काकू बादली घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. बादलीत गाळच जास्त.

"घ्या मॅडम, तुमचं भरपूर पाणी! यात चादरी धुवू की रंगवू?"

"काकू, फीत तर पाणी वर असल्याचं दाखवते."

"मग चादरी तुमच्या फितीतच बुडवते!"

दुसरा कोणी असता तर त्याने दार लावून घेतले असते. सूनबाईंनी बादलीत वाकून पाहिले आणि विचारले, "हे कधी काढलंत?"

"हे काय, आत्ताच."

त्या तशाच मोजणीची फीत घेऊन पायी निघाल्या. विहिरींची मोजणी नेहमी साप्ताहिक सुट्टीलाच होत असे. इतर दिवशी, म्हणजे त्या दिवसासारख्या कामाच्या वारी, रस्त्यावर डंपरांची रांग असते, जीप तिच्यात अडकून पडते. सूनबाई नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही पद्धत, आणि सोयीचीही.

त्या परतल्या तेव्हा भुवयांपर्यंत धूळ होती. मी जेवायला बसलो होतो. हातपायही न धुता त्यांनी मला विचारले, "विहीर आज बरीच खाली आहे. बाबा, सुट्टीला खाणीच्या तळातले किती पंप चालतात?"

"एखादाच. कोळसा काढायचा नसला, तर तळ कोरडा ठेवून करायचंय काय?"

बोललो आणि माझा घास हातातच राहिला. कामाच्या दिवशी सगळे पंप तळ उपसतात, तेव्हा खडकाच्या भेगांतून विहिरीचे पाणीही तिकडे ओढले जाते. सुट्टीला उपसा जवळजवळ थांबला की विहीर पुन्हा भरते. धावणाऱ्या माणसाची नाडी तो झोपल्यावर मोजावी, तसे हे चालले होते.

"हे साहेबांना सांगावं लागेल," सूनबाई म्हणाल्या.

"अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" पत्नी काळजीने म्हणाली.

"आई, पाणीच उरलं नाही तर वैर तरी कुणाशी करायचं?"

साहेबांच्या खोलीत काय झाले ते मला नंतर कळले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे स्वतःच्याच सहीचे अहवाल तुम्ही खोटे ठरवणार?"

"खोटे नाहीत साहेब, अपुरे आहेत. फीत बरोबर होती, दिवस चुकला."

"आणि एका मोजणीवर मी खाण अडवून धरू?"

"नका धरू. येत्या सुट्टीला सगळे पंप चालवा. कोळशाचं एक ढेकूळही अडणार नाही. पातळी हलली नाही, तर काकूंची माफी मागेन आणि खाण वाढवायच्या कागदावर सहीसुद्धा करीन."

साहेब हिशेबी माणूस, पण आडमुठे नव्हेत. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः विहिरीवर आले. काकू तर आधीच पायरीवर बसून होत्या. मोजणीच्या फितीला खडू फासतात. जिथवर खडू भिजतो, तिथे पाणी. सकाळी फीत नेहमीच्या खुणेपर्यंत ओली आली. काकूंचा चेहरा पडला. सूनबाई मात्र फीत पुसून, पुन्हा खडू फासून, शांतपणे छत्रीखाली बसल्या. दूर पंपांची घरघर सुरू झाली. माझ्या सवयीच्या कानांना ती एरवी गोड वाटते. त्या दिवशी वाटेना.

दुपार कलल्यावर त्यांनी सकाळइतकीच फीत पुन्हा सोडली. वर आली ती कोरडी ठणठणीत. साहेबांनी तिच्यावर बोट फिरवले. पांढरी भुकटी बोटाला लागली.

"विस्तार थांबवतो," ते अखेर म्हणाले. "उपसलेलं पाणी नाल्यात सोडतो, ते आता निवळून, तपासून वसाहतीला द्यायचं. आणि मॅडम, जुने अहवाल राहू द्या तसेच. कोणी विचारणार नाही."

"नाही साहेब. प्रत्येकावर लिहीन, ही पातळी फक्त सुट्टीच्या दिवसाची आहे. खाली सही माझीच."

पंपांशी माझे आयुष्य गेले. यंत्र चुकले की आवाज करते. माणूस सहसा करत नाही. आमच्या सूनबाईंनी केला, तोही इतक्या सौम्य स्वरात.

साहेबांनी बोट रुमालाला पुसले. काकूंनी लगेच हात पुढे केला. "द्या इकडे तो रुमाल, धुऊन देते."

साहेबांनी एकदा विहिरीत डोकावून पाहिले आणि रुमाल खिशात ठेवला.

"आज नको काकू. आधी पाणी येऊ दे."