मान कोणीकडे वळवायची

ग्वाक दोशिकला घरून करता येईल अशी नोकरी हवी होती. पूर्ण घरून. जाहिराती तशाच असायच्या, खोट पुढे निघायची. एका कंपनीने घरून काम द्यायचं कबूल केलं, पण घर ऑफिसपासून अर्ध्या तासावर हवं म्हणाली. दुसरीने आधी तीन वर्षं ऑफिसात बसा, मग खुशाल घरी बसा असं सुचवलं. तिसरीतली बाई फार गोड होती. "घरूनच आहे हो काम," ती म्हणाली, "फक्त घर तेवढं सोल शहरात आणा."

दोशिकचं घर सोलपासून पाच तासांवर, गोहंगच्या किनाऱ्याला. गावात लसूण चांगला होतो, इंटरनेट झकास चालतं आणि माणसं एकजात म्हातारी आहेत. त्यातलंच एक म्हातारं माणूस म्हणजे दोशिकचे वडील. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, बोलणं चार शब्दांवर आलं. दोशिक सोलची नोकरी सोडून परतला आणि पुंजीवर दिवस काढू लागला. पुंजी ती किती पुरणार? ग्वांगजूची थोरली बहीण दर रविवारी फोन करायची.

"मिळालं का काही?"

"बघतोय, ताई."

"महिनाअखेरपर्यंत बघ. नाहीतर मी इथल्या शुश्रूषागृहात अप्पांसाठी खाट सांगून ठेवलीय. एका खोलीत आठ जण असतात. तेवढीच सोबत होईल."

फोन संपला की अप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्या शुश्रूषागृहात गेलेले गावकरी परत आले ते अंत्यविधीच्या फोटोतूनच, हे त्यांनी पाहिलेलं होतं. दोशिकनेही पाहिलेलं होतं. त्याला या गोष्टीची इतकी भीती वाटायची, की तो बहिणीशी भांडायचंही टाळायचा.

अशात एका कंपनीने त्याला शेवटच्या फेरीपर्यंत नेलं. गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारी प्रणाली बनवणारी कंपनी; दोशिकचा हात त्याच कामात बसलेला. दोन मुलाखती सुरळीत पार पडल्या. तिसरी म्हणजे पडद्यावरचं जेवण. मालक मेंगसाहेबांचा सिद्धांत असा, की माणूस उत्तरं देताना खोटं बोलतो, पिताना नाही. म्हणून दोशिकच्या आणि कंपनीतल्या सगळ्यांच्या घरी एकसारखा खोका पोचता झाला. त्यात सोजू या तिकडच्या दारूच्या दोन बाटल्या आणि चघळायला सुकवलेलं माकूल.

दोशिकला चिंता नव्हती. तो वीस वर्षांचा झाला त्या दिवशी अप्पांनीच त्याला पहिला पेला भरून दिला होता आणि रीत शिकवली होती. थोरांसमोर पेला दोन्ही हातांनी घ्यायचा, मान बाजूला वळवायची, मगच प्यायचं. मान जरा कमी वळली म्हणून टपलीही खाल्ली होती. टपलीने शिकलेलं माणूस विसरत नाही.

संध्याकाळी सात वाजता पडद्यावर पंधरा चौकटी उघडल्या. मधल्या चौकटीत मेंगसाहेब, साठीचे, गाल आधीच लाल. त्यांनी पेला उचलला. सगळ्यांनी उचलला. दोशिकनेही दोन्ही हातांनी उचलला, मान डावीकडे वळवली आणि थांबला.

डावीकडे खाटेवर अप्पा होते. उशीला टेकून त्याच्याकडेच बघत होते.

तो उजवीकडे वळला. उजवीकडे कपाटावर आईचा फोटो. आईला दारूचा वासदेखील खपायचा नाही, आणि मेल्यावर माणसाचं मत बदलतं असं कोणी सांगितलेलं नाही. समोर तर साक्षात मालक. दोशिकने क्षणभर विचार केला, चाकाच्या खुर्चीसकट सबंध गिरकी घेतली, पडद्याकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून पेला रिकामा केला.

परत वळला तेव्हा चौदा चौकटींतले पेले हवेतच थांबले होते.

"ग्वाक," मेंगसाहेब म्हणाले, "मला पाठ दाखवलीत?"

"माफ करा साहेब. समोर आपण. या बाजूला वडील, त्या बाजूला आईचा फोटो. मागेच काय ती जागा होती."

"वडील? वय काय त्यांचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग दाखवा की! लपवता काय?"

दोशिकने लॅपटॉप खाटेकडे वळवला. मेंगसाहेब ताडकन उठले, दुमडून वाकले, पुन्हा बसले. आता या बैठकीत थोर कोण याचा निकाल लागला होता. त्यांनी नवा पेला भरला, मान वळवली आणि प्यायले. पाठोपाठ तेरा माना वळल्या, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे.

अप्पांनी सगळ्यांना नीट न्याहाळलं. मग वाकड्या तोंडाने, एकेक अक्षर ओढत विचारलं, "जेवलात का?"

"हो! जेवलो!" चौदा चौकटी एका सुरात ओरडल्या.

मेंगसाहेबांनी डोळे पुसले. "योमबाई," ते भरतीचं काम बघणाऱ्या बाईंना म्हणाले, "हा माणूस मला पाहिजे. ठरलं."

दोशिकच्या छातीवरचा धोंडाच उतरला. त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पांचा डावा हात चादरीवर हलला.

"सोमवारी या," मेंगसाहेब पुढे म्हणाले. "माझ्या शेजारचं टेबल तुमचं."

"साहेब, जाहिरातीत तर पूर्ण घरून..."

"ते इतरांसाठी हो. असा रीतभात असलेला माणूस घरी कोंडून ठेवला, तर ऑफिसातली पोरं कोणाकडे बघून शिकणार?"

"पण वडील..."

"त्यांची सोय करा ना कुठेतरी! हल्ली शुश्रूषागृहं फार छान असतात." आणि तेवढ्याच आदराने मान वळवून त्यांनी आणखी एक पेला घेतला.

दोशिकला संताप आला. वळलेल्या त्या मानेचा आला, आणि स्वतःच्या मानेचाही. पण तो नम्रपणे वाकला, जमणार नाही साहेब, म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला.

माकूल तसंच पडून होतं.

"पुढची... कधी?" अप्पांनी विचारलं.

"गुरुवारी. दुसरी कंपनी आहे. तिथेही जेवणच आहे म्हणे."

अप्पांनी डाव्या हाताने चहाच्या वाडग्याकडे बोट केलं. गार झालेला जवाचा चहा. "भर. बस समोर."

दोशिक वाडगा भरून समोर बसला.

"मी साहेब. पी."

दोशिकने दोन्ही हातांनी वाडगा उचलला आणि मान वळवली. टपली बसली. हात डावा होता, नेम चुकला, कानावर बसली.

"एका हाताने. माझ्याकडे बघून."

"अप्पा, मला नाही जमायचं."

"पी!"

दुसऱ्या खेपेलाही मान आपोआप वळली आणि चहा सदऱ्यावर सांडला. तिसऱ्या खेपेला दोशिकने दात आवळले, वाडगा एका हातात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या तोंडाकडे सरळ बघत प्यायला. पिताना त्याला ते तोंड नीट दिसलं. उजवीकडे ओघळलेला ओठ, डोळ्यांतलं पाणी, सगळं.

त्याने वाडगा खाली आपटला. तोंड पुसलं नाही.

अप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

"उद्धट दिसतोस," ते म्हणाले. "आता ऑफिसात नाही कोणी बोलावणार."