चढावरची ओढ

जीप ओढ्याच्या मधोमध बंद पडली तेव्हा तिच्यात गुरांची डॉक्टर, डॉक्टरचे वडील, लशींची पेटी आणि पायाला प्लास्टर घातलेला एक बोकड एवढी मंडळी होती. बाबा खाली उतरले. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी बॉनेट उघडलं, पाच मिनिटं आत डोकं घातलं आणि मग बॉनेट इतक्या हळुवारपणे लावलं, की डॉक्टर काय ते समजली.

"गेली," बाबा म्हणाले. "चोवीस वर्षं चालली बिचारी. आता तिला त्रास देऊ नकोस."

बोकड बाबांच्या खांद्यावर बसून घरी आला आणि जीप ट्रॅक्टरच्या मागे.

नवीन गाडी घ्यायची यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं. डोंगरावर एकोणीस वस्त्या, प्रत्येकीला जाणारी वाट आधीच्या वाटेहून वाईट, आणि गुरांना बघणारी एवढी एकच डॉक्टर. चारही चाकं ओढणारी, उंच, दणकट गाडी हवी होती. तशी एक गाडी शहरातल्या शोरूममध्ये मिळत होती, ती बाबा, डॉक्टर आणि तिचा नवरा अशा तिघांनाही पसंत पडली. घोडं अडलं ते इंजिनावर. कंपनी तीच गाडी पेट्रोल आणि डिझेल अशा दोन इंजिनांत देत होती.

"यात विचारायचं काय आहे?" बाबा म्हणाले. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता, आणि निवृत्त झाल्यापासून ते रोज लेकीच्या शेजारच्या सीटवर बसून तिला गाडी कशी चालवावी हे शिकवत होते. "डिझेल! चढावर ओढ लागते, ओढ. पेट्रोलचं इंजिन म्हणजे लग्नातला बँड. आवाज भरपूर, पण ओझं उचलायला सांगा, की पसार."

"बाबा, आवाज डिझेलचा जास्त असतो."

"तो आवाज नाही. तो दम आहे."

हा दम डॉक्टरला चांगलाच ठाऊक होता. जुन्या जीपमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणून बापलेकींनी खुणा ठरवल्या होत्या. बाबांनी डॅशबोर्डवर एक थाप मारली की डावीकडे खड्डा, दोन मारल्या की उजवीकडे, आणि दोन्ही हातांनी बडवायला लागले की ब्रेक. तिला मनातून शांत गाडी हवी होती. पण चढावर दगा देणारी शांत गाडी घेऊन करायचं काय, हा प्रश्न होताच.

डॉक्टरचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला सगळं गाव मास्तर म्हणायचं, आणि घरातही तेच नाव रुळलं होतं. मास्तरांनी दोन दिवस बसून बावीस मुद्द्यांचा तक्ता केला. ओढ, वजन, थंडीत सुरू होणं, इंधन किती पितं, डोंगरावर ते मिळतं का, दुरुस्ती, आवाज. प्रत्येक मुद्द्याला गुण दिले आणि रविवारी जेवताना निकाल जाहीर केला.

"पेट्रोल एकाहत्तर. डिझेल एकाहत्तर."

"मग?" डॉक्टरने विचारलं.

"दोन्ही पास," मास्तर म्हणाले आणि भात वाढून घेतला.

शेवटी डॉक्टरनेच ठरवलं, की कागदावर नाही, आपल्या वाटेवर चालवून बघायची. शोरूमचा सेल्समन आधी तयार होईना. पंचविशीतला, इस्त्रीच्या कडक घडीचा, चेहरा दिसेल अशा चकचकीत बुटांचा मुलगा. त्याची ट्रायल म्हणजे शोरूमपासून पुलापर्यंत आणि परत.

"मॅडम, डिझेलच घ्या ना," तो म्हणाला. "डिझेलच्या तीन गाड्या यार्डात उभ्या आहेत, परवा घेऊन जा. पेट्रोलला दोन महिने थांबावं लागेल."

"पोरगा शहाणा आहे," बाबा म्हणाले.

"चढ बघितल्याशिवाय मी दोन्हीपैकी काहीच घेणार नाही," डॉक्टर म्हणाली. त्यावर मुलाने आत जाऊन साहेबांना विचारलं आणि नाइलाजाने हो म्हणाला.

मंगळवारी पेट्रोलची गाडी आली. सेल्समन मागे बसला, बाबा नेहमीच्या जागी. गाव मागे पडलं, वाट सुरू झाली, आणि बाबांनी सवयीने डॅशबोर्डवर एक थाप मारली.

"बाबा, तोंडाने सांगा. ऐकू येतंय."

बाबा दचकले. मग हळूच म्हणाले, "डावीकडे खड्डा आहे." आपलाच आवाज ऐकून त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. पण अर्ध्या तासात भीड चेपली. पहिला ट्रक कसा होता, मालक कसा होता, एकदा बर्फासारख्या थंडीत डॉक्टरच्या आईने सामानावर पांघरायची ताडपत्री स्वतःभोवती गुंडाळून शेजारी बसून दोनशे मैलांचा प्रवास कसा केला, असं काय काय ते सांगत सुटले. आई गेल्याला आठ वर्षं झाली होती. ही गोष्ट डॉक्टरने कधी ऐकलीच नव्हती.

तेवढ्यात खरा चढ आला. सगळ्यात वरच्या वस्तीकडे जाणारी मुरमाची उभी वाट, वर मोकळी खडी. डॉक्टरने जुन्या जीपच्या सवयीने गाडी सावकाश वर घेतली. अर्ध्यात इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं.

बाबा फक्त खिडकीबाहेर बघून हसले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"मॅडम, हिला आरपीएम लागतात, इंजिन जोरात फिरतं ठेवावं लागतं," मागून सेल्समन म्हणाला. "लो गिअरमध्ये टाका, आणि पाय उचलू नका. एकसारखी रेस ठेवा."

डॉक्टरने गाडी मागे घेतली आणि पुन्हा तशी चढवली. या वेळी गाडी वर आली. जरा नाचली, एकदा मागचं चाक घसरलं, पण आली. वर पोचल्यावर डॉक्टर थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "बघ, परत बंद पडली."

"चालू आहे, बाबा. हात लावून बघा."

बाबांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला, कान टेकवला. आणि मग तोंड वाकडं केलं. "असल्या गाडीचा काय भरवसा? चालू आहे की नाही तेच कळत नाही."

गुरुवारी डिझेल आलं, सोबत पुन्हा तोच सेल्समन. ती गाडी चढाला लागली आणि बाबांचा चेहरा उजळला. डॉक्टरचा पाय जेमतेम टेकलेला, इंजिन खालच्या सुरात घुमतंय आणि गाडी खडीवरून अशी वर चाललीय, जणू कुणी वरून दोराने ओढून घेतंय. चाक एकदाही घसरलं नाही. जुन्या जीपइतका आवाजही नव्हता. थोडं मोठ्याने बोललं की ऐकू येत होतं.

"ही ओढ!" बाबा ओरडले. "कळलं? ही!"

डॉक्टरलाही पटलं. पठारावर पोचेपर्यंत तिने मनाशी जवळपास ठरवूनच टाकलं होतं. गप्पांसाठी घर आहे, गाडी कामासाठी.

पठारावर वस्तीतली मावशी हात हलवत धावतच समोर आली. एकटी राहणारी, अकरा गुरांची मालकीण, कधी कुणाला हाक न मारणारी बाई.

"डॉक्टरीणबाई, देवासारख्या आलात! गाय अडलीय पहाटेपासून. पाणमोट फुटली, एकच खूर दिसतंय आणि पुढे काही सरकत नाही."

डॉक्टर पेटी घेऊन गोठ्याकडे पळाली. खांद्यापर्यंतचे हातमोजे चढवून तिने आत हात घातला आणि डोळे मिटून चाचपलं. डोकं सरळ होतं. एक पाय पुढे, दुसरा गुडघ्यात दुमडून मागे राहिलेला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "बोट चोखतंय. बाबा, गायीचं डोकं धरा. मावशी, शेपूट बाजूला. आणि तुम्ही," ती दारात उभ्या असलेल्या सेल्समनला म्हणाली, "बाह्या वर करा. मी सांगेन तेव्हा दोर ओढायचा."

"मी? मॅडम, मी कधी…"

"मीही कधीतरी पहिल्यांदाच केलं होतं. या."

तो आला. चकचकीत बूट शेणात रुतले. डॉक्टरने वासराला जरा मागे ढकललं, आत जखम होऊ नये म्हणून मागे राहिलेल्या पायाच्या खुराभोवती तळवा धरला, आणि इंचाइंचाने तो पाय पुढे आणला. वीस मिनिटं गेली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी दोन्ही पायांना दोर लागला.

"गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं. ती थांबली की आपण थांबायचं. आता! खाली, जमिनीकडे ओढा!"

सेल्समनने दात आवळून ओढलं. तीनदा काही झालं नाही. चौथ्या कळेला नाक आलं, मग डोकं, आणि मग सगळं वासरू एकदमच बाहेर निसटलं. सेल्समन मागच्या मागे बसला आणि वासरू त्याच्या मांडीवर.

क्षणभर कुणी हललं नाही. वासरूही नाही. डॉक्टरने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, बरगड्या खसाखसा चोळल्या. वासरू शिंकलं. शिंक थेट सेल्समनच्या शर्टावर.

"कालवड आहे!" मावशी म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

सेल्समनही हसत होता. बुटांचं, शर्टाचं, कशाचंच भान त्याला नव्हतं. "मी ओढली," तो बाबांना सांगत होता. "काका, बघितलंत ना? मी ओढली!"

"बघितलं. ओढ चांगली आहे तुझी," बाबा म्हणाले.

वर आलोच आहोत तर बाकीची कामंही उरकून टाकावीत, म्हणून डॉक्टरने आणखी चार वस्त्या केल्या. पाच मिनिटं गाडी चालवायची, बंद करायची, अर्धा तास काम, पुन्हा पाच मिनिटं. तिचा रोजचा दिवस असाच जायचा. चौथ्या वस्तीवरून निघताना समोर एक पिवळा दिवा लागला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

आरशात तिला दिसलं, की मागे बसलेला सेल्समन सुकलेला शर्ट खरवडत काहीतरी ठरवतोय.

"मॅडम, खरं सांगू?" तो शेवटी म्हणाला. "साहेबांना कळलं तर माझं काही खरं नाही. पण सांगतो. नव्या डिझेल गाड्यांना धूर गाळायला एक जाळी असते. तिच्यात काजळी साठते. गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळाली की जाळी तापते आणि काजळी जळून जाते. पण सारखी थोडं चाला, थांबा, थोडं चाला, थांबा असं केलं, तर ती तुंबते. मग हा दिवा लागतो. या ट्रायलच्या गाडीचा तर महिन्यातून दोनदा लागतो. आमचा माणूस तिला हायवेवर पळवून आणतो."

"आणि नाही पळवली तर?"

"तर गाडी वर्कशॉपमध्ये. तुमचं काम आज बघितलं. तुम्हाला वर हायवे कुठला?"

"आमच्या ट्रकला असली जाळीबिळी नव्हती," बाबा गुरगुरले.

"काका, तुमचा ट्रक एकदा सुरू झाला की दोन दिवस बंद तरी व्हायचा का?"

बाबा त्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहिले. तीस वर्षं ज्या इंजिनावर जीव टाकला, त्याच्याविरुद्ध मत द्यायचं म्हणजे घरच्या माणसाविरुद्ध साक्ष देण्यासारखंच होतं.

"डिझेल वाईट नाही," ते अखेर म्हणाले. "तुझं काम त्याच्या जोगं नाही, एवढंच."

"म्हणजे पेट्रोल?"

"माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस."

घरी येताना डॉक्टरने मुद्दाम लांबचा, मोठ्या रस्त्याचा फेरा घेतला. अर्ध्या तासाने दिवा विझला. सेल्समनने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि उतरताना विचारलं, "मॅडम, तिचं नाव काय ठेवणार? कालवडीचं?"

"मावशीला विचारा. येत्या महिन्यात लस द्यायला जायचंच आहे, या सोबत."

पेट्रोलची मागणी नोंदवली गेली. मास्तरांनी तक्त्यात तेविसावा मुद्दा लिहिला, जाळी, आणि निकाल सुधारून घेतला. दोन महिने बापलेकी मोटारसायकलवरून वस्त्या करत राहिले; बाबा मागे बसून लशींची पेटी मांडीवर धरत आणि कानात सूचना देत.

गाडी आली त्या दिवशी डॉक्टरने किल्ली बाबांच्या हातात ठेवली. ते स्टिअरिंगमागे बसले. मुरमाच्या चढाखाली थांबले, लो गिअर टाकला, एकदा मान हलवली आणि पाय दाबला. इंजिन उंच सुरात गात होतं, बाबांचा पाय तसूभरही हलला नाही, आणि गाडी न नाचता, न घसरता पठारावर आली. लेकीला हे इतकं सफाईने जमलं नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं.

"कशी आहे?" डॉक्टरने विचारलं.

बाबांनी गाडी बंद केली, खाली उतरून तिच्याभोवती एक चक्कर मारली, चिखल लागलेलं मागचं चाक बोटाने पुसलं.

"चढते," ते म्हणाले. आणि मग, परतीच्या वाटेवरही किल्ली त्यांनी काही तिला दिली नाही.